विश्लेषण : मृत्यूचे कारण ‘हृदय बंद पडले’ एवढेच? शिकाऊ डॉक्टरांना नोंदी आणि ‘कोडिंग’ शिकवणे का गरजेचे?

रात्रीचे अडीच वाजले आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणचे एखादे सरकारी रुग्णालय, मेडिसिनचा वॉर्ड. ५८ वर्षांचा एक रुग्ण दगावतो. पंधरा वर्षांचा मधुमेह, तीन आठवड्यांपूर्वी पायाला झालेले गँगरीन आणि शेवटचे दोन दिवस रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. नातेवाइकांना उजाडायच्या आत गावी निघायचे आहे. शववाहिका खाली थांबली आहे. इंटर्न घाईघाईत मृत्यूच्या कारणाचा नमुना पुढे ओढतो आणि पहिल्या ओळीत लिहितो : ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’. म्हणजे हृदय आणि श्वास बंद पडला. बाकीच्या ओळी कोऱ्याच राहतात. निवासी डॉक्टर सही करतो. कागद पूर्ण होतो.

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण वॉर्डात काम केलेल्या कोणत्याही डॉक्टरला तो ओळखीचा वाटेल. त्या एका ओळीमुळे मधुमेहाचा एक बळी सरकारी हिशेबातून गायब झाला, हे त्या वेळी कुणाच्याच लक्षात येत नाही. डॉक्टर होऊ घातलेल्यांना रोग ओळखायला आणि उपचार करायला साडेचार वर्षे शिकवले जाते. ओळखलेला रोग कागदावर नेमका कसा लिहायचा, यासाठी मात्र मोजकेच तास मिळतात. त्याचा परिणाम विम्याच्या दाव्यापासून देशाच्या आरोग्य धोरणापर्यंत कसा होतो, हे समजून घेऊ.

वैद्यकीय नोंदी आणि ‘कोडिंग’ म्हणजे नेमके काय?

रुग्ण दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत त्याच्याविषयी जे जे लिहिले जाते, ते सारे वैद्यकीय नोंदींत येते. केसपेपर, रोजच्या तपासणीच्या नोंदी, शस्त्रक्रियेचा तपशील, संमतीपत्र, डिस्चार्ज कार्ड आणि रुग्ण दगावल्यास मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र.

कोडिंग ही त्यापुढची पायरी. डॉक्टरने शब्दांत लिहिलेल्या निदानाला एका ठरलेल्या यादीतील सांकेतिक क्रमांक दिला जातो. जगभर त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे ‘आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरण’ वापरतात. त्यालाच आयसीडी म्हणतात. या यादीच्या दहाव्या आवृत्तीत हृदयविकाराच्या तीव्र झटक्याला, अधिक तपशील नसेल तर, ‘आय २१.९’ हा क्रमांक आहे. कुणी ‘हार्ट अॅटॅक’ लिहो, कुणी ‘एमआय’ लिहो, कुणी फ्रेंचमध्ये लिहो, क्रमांक एकच. त्यामुळे गडचिरोलीतील नोंदीची तुलना गोव्यातील, केरळमधील किंवा ब्राझीलमधील नोंदीशी करता येते.

क्षयरोगाचे उदाहरण पाहा. थुंकीच्या तपासणीत जंतू सापडले असतील, तर फुप्फुसाच्या क्षयाचा क्रमांक ‘ए १५’ या गटात येतो. जंतू सापडल्याचा उल्लेखच नसेल, तर तो ‘ए १६’ या गटात जातो. रुग्ण तोच, रोग तोच. पण डॉक्टरने ‘थुंकी तपासणी पॉझिटिव्ह’ हे शब्द लिहिले नाहीत, तर नोंद दुसऱ्याच खान्यात पडते. कोडिंग चांगले होण्यासाठी आधी लिखाण चांगले असावे लागते, ते असे.

ही पद्धत आली कुठून?

मृत्यूंची कारणवार मोजणी करण्याचा प्रयत्न जुना आहे. लंडनमधील जॉन ग्रँट या व्यापाऱ्याने १६६२ मध्ये तेथील मृत्यूंच्या साप्ताहिक याद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये विल्यम फार यांनी रोगांच्या नावांत एकवाक्यता आणण्याचा आग्रह धरला. युद्धातील शुश्रूषेसाठी ओळखल्या जाणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही सर्व रुग्णालयांनी एकाच साच्यात आकडे ठेवावेत, असा प्रस्ताव १८६० मध्ये मांडला होता. पुढे १८९३ मध्ये फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्टिलाँ यांची मृत्यूकारणांची यादी स्वीकारली गेली. आजची आयसीडी ही तिचीच वंशज.

१९४८ मध्ये सहाव्या आवृत्तीपासून ही यादी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि तीत मृत्यूंबरोबर आजारपणाचाही समावेश झाला. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. अकरावी आवृत्ती मे २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. भारतात मृत्यूंच्या कारणांची आकडेवारी प्रामुख्याने दहाव्या आवृत्तीनुसार तयार होत आली आहे.

रोजच्या केसपेपरला शिस्त लावण्याचे श्रेय अमेरिकी डॉक्टर लॉरेन्स वीड यांना जाते. १९६८ मध्ये त्यांनी समस्यानिहाय नोंदींची पद्धत मांडली. रुग्ण काय सांगतो, तपासणीत काय आढळले, त्यावरून डॉक्टरचा अंदाज काय आणि पुढे काय करायचे, या चार भागांत नोंद लिहायची. ‘सोप’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी ही पद्धत आज आपल्याकडील वॉर्डांतही वापरली जाते.

मृत्यूच्या कारणाचा नमुना कसा भरणे अपेक्षित आहे?

जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा. त्याखाली रुग्णालयातील मृत्यूसाठी ‘नमुना ४’ आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी ‘नमुना ४ अ’ भरला जातो. त्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात अ, ब, क अशा ओळी. पहिल्या ओळीत मृत्यूचे तात्कालिक कारण, त्याखाली ते कशामुळे झाले, त्याखाली ते कशामुळे, असे मागे मागे जायचे. सर्वांत खालच्या ओळीत ज्या आजाराने किंवा इजेने ही साखळी सुरू झाली तो लिहायचा. यालाच ‘मूळ कारण’ म्हणतात आणि मृत्यूची गणना मुख्यतः त्याच्या नावावर होते. दुसऱ्या भागात साखळीत थेट नसलेले, पण मृत्यूला हातभार लावणारे आजार. प्रत्येक ओळीपुढे तो आजार किती काळ होता, हेही लिहायचे असते.

सुरुवातीच्या रुग्णाचा नमुना असा व्हायला हवा होता. अ : सेप्टिक शॉक, २ दिवस. ब : मधुमेहामुळे पायाचे गँगरीन, ३ आठवडे. क : टाइप-२ मधुमेह, १५ वर्षे. दुसऱ्या भागात उच्च रक्तदाब असेल तर तो. एवढे लिहिले की कोडिंग करणाऱ्याला ‘ई ११.५’ हा क्रमांक सहज देता येतो. त्याचा अर्थ, रक्ताभिसरणाच्या गुंतागुंतीसह टाइप-२ मधुमेह. हे लिहायला दोन मिनिटेही लागत नाहीत. साखळी डोक्यात स्पष्ट असणे मात्र गरजेचे असते.

येथे एक गल्लत नेहमी होते. महापालिका किंवा ग्रामपंचायतीकडून मिळणारा मृत्यूचा दाखला वेगळा आणि हा नमुना वेगळा. निबंधकाकडून मिळणाऱ्या दाखल्यावर मृत्यूचे कारण छापायला कायद्यानेच मनाई आहे. कारण असते ते डॉक्टरने भरलेल्या नमुन्यात. २०२३ मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार रुग्णालयाने हे कारणाचे प्रमाणपत्र विनाशुल्क निबंधकाकडे पाठवायचे असून, त्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची आहे. ही दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली.

‘हृदय बंद पडले’ असे लिहिण्यात चूक काय?

वाक्य खोटे नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. माणूस कोणत्याही कारणाने गेला तरी शेवटी हृदय आणि श्वास थांबतोच. ही मृत्यूची अवस्था झाली, कारण नव्हे. नमुन्यावरच तशी सूचना असते. तरीही ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’, ‘मल्टिऑर्गन फेल्युअर’, ‘वार्धक्य’, ‘शॉक’ असे शब्द एकटेच लिहिले जातात.

अशा नोंदींना संख्याशास्त्रात ‘निरुपयोगी कोड’ म्हणतात. त्यांच्यावरून ना रोगाचा प्रसार कळतो, ना कुठे पैसा खर्च करायचा हे ठरवता येते. बाळंतपणात अतिरक्तस्रावाने दगावलेल्या स्त्रीच्या कागदावर फक्त ‘शॉक’ लिहिले, तर तालुक्यात रक्तसाठा केंद्राची गरज आहे हा पुरावाच उरत नाही. म्हणूनच स्त्रीच्या मृत्यूत ती गरोदर होती का, प्रसूती झाली होती का, असा प्रश्न नमुन्यात स्वतंत्रपणे विचारला आहे. तो रकाना कोरा ठेवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

दुसरा घोळ आद्याक्षरांचा. ‘पीआयडी’ हे हाडांच्या वॉर्डात मणक्यातील चकती सरकल्याचे, तर स्त्रीरोग विभागात ओटीपोटाच्या संसर्गाचे नाव. ‘एमएस’ म्हणजे हृदयाची झडप अरुंद होणे की मज्जासंस्थेचा आजार, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. वॉर्डातल्या वॉर्डात हे चालून जाते. पण कागद महिन्याभराने दुसऱ्या शहरातील कार्यालयात उघडला जातो, तेव्हा तेथे विचारायला कुणी नसते.

देशाच्या आकडेवारीवर याचा परिणाम काय?

भारतात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारणाचे प्रमाणपत्र असलेल्या मृत्यूंचे प्रमाण अलीकडच्या वर्षांत साधारण एक पंचमांशाच्या आसपास राहिले आहे. गोव्यात जवळपास सर्व नोंदीत मृत्यूंचे कारण प्रमाणित होते, तर काही मोठ्या राज्यांत हे प्रमाण अगदीच कमी आहे. म्हणजे मुळात हाती येणारे कागद थोडे. त्यातही बरेचसे ‘हृदय बंद पडले’ या प्रकारचे निघाले, तर उरते काय?

सर्पदंश हे याचे ठळक उदाहरण. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडला गेला. हा अंदाज रुग्णालयांच्या नोंदींवरून नव्हे, तर घरोघरी जाऊन नातेवाइकांना विचारलेल्या माहितीवरून प्रामुख्याने काढावा लागला. रुग्णालयांतून पोहोचणारे सरकारी आकडे त्याच्या जवळपासही नव्हते. अनेक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचत नाहीत हे एक कारण आणि पोहोचलेल्यांची नोंद नीट होत नाही हे दुसरे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्पदंश हा नोंद बंधनकारक असलेला आजार करावा, असे राज्यांना कळवले.

करोना काळात तर या नोंदींचे महत्त्व सगळ्यांनीच अनुभवले. मृत्यू करोनाचा मोजायचा की रुग्णाला आधीपासून असलेल्या मधुमेहाचा, यावर वाद झाले. साखळी करोनाने सुरू झाली असेल तर मूळ कारण करोना आणि मधुमेह दुसऱ्या भागात, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मधील मार्गदर्शिकेत स्पष्ट केले. तरी १६ जून २०२० रोजी राज्य सरकारला आधीच्या आकडेवारीचा ताळमेळ घालून १,३२८ मृत्यू करोनाच्या यादीत नव्याने जोडावे लागले. त्यांतील ८६२ एकट्या मुंबईतील होते. पुढे ५० हजार रुपयांच्या सानुग्रह मदतीसाठी अर्ज करताना कागदावर करोनाचा उल्लेख नसलेल्या कुटुंबांची झालेली धावपळ अनेकांना आठवत असेल.

रुग्ण आणि नातेवाइकांचा यात काय संबंध?

थेट आणि पैशांचा. आरोग्य विम्याच्या दाव्यात डिस्चार्ज कार्ड आणि केसपेपर मागवले जातात. इंटर्नने माहिती घेताना ‘५ महिन्यांपासून रक्तदाब’ ऐवजी चुकून ‘५ वर्षांपासून रक्तदाब’ लिहिले, तर विमा घेण्याआधीचा आजार लपवला या कारणाने दावा अडू शकतो. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ नियामकाने आता कमाल ३ वर्षांवर आणला आहे. त्यामुळे आजार नेमका कधीपासून, या एका आकड्यावर लाखोंचे बिल ठरते. विमा कंपन्यांच्या प्रमाणित दावा अर्जात रुग्णालयाने भरायच्या भागात आयसीडी क्रमांकाचा रकाना असतोच. आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही उपचारांच्या पॅकेजना स्वतंत्र क्रमांक आहेत. निदान, तपासण्या आणि केलेली शस्त्रक्रिया यांचा कागदावर मेळ बसला नाही, तर दावा परत येतो.

शेतकरी कुटुंबांसाठी तर हा प्रश्न आणखी तीव्र. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात आणि सर्पदंशाचाही त्यात समावेश आहे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दंश फारसा दुखत नाही, खूण दिसेलच असे नाही. पहाटे पोटदुखी सुरू होते, मग पापण्या जड होतात. अशा रुग्णाच्या केसपेपरवर नुसते ‘पोटदुखी, श्वास घेण्यास त्रास’ लिहिले आणि पापण्या जड झाल्याचे, जमिनीवर झोपल्याचे, रक्त गोठण्याच्या २० मिनिटांच्या चाचणीचे, प्रतिसर्पविषाच्या किती कुप्या दिल्या याचे काहीच लिहिले नाही, तर पुढे शवविच्छेदनाच्या वेळीही धागा सापडत नाही. कुटुंबाच्या हाती पुरावा राहत नाही.

हे प्रकरण न्यायालयातही पोहोचले आहे. सर्पदंशाने मुलगा गमावलेल्या एका वडिलांच्या मदतीच्या प्रकरणात शवविच्छेदन अहवालातील अक्षर वाचता येईना. तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये ओडिशा उच्च न्यायालयाने डॉक्टरांनी औषधचिठ्ठ्या आणि वैद्यकीय-कायदेशीर कागद सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत किंवा टंकलिखित द्यावेत, यासाठी निर्देश दिले. सुवाच्य औषधचिठ्ठी हा रुग्णाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले.

वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी किमान ३ वर्षे जपणे बंधनकारक आहे. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ७२ तासांत त्या द्याव्या लागतात.

अभ्यासक्रमात हे शिकवले जात नाही का?

कागदोपत्री शिकवले जाते. २०१९ च्या बॅचपासून लागू झालेल्या क्षमताधारित एमबीबीएस अभ्यासक्रमात न्यायवैद्यकशास्त्राखाली दोन गोष्टी स्पष्ट नोंदवल्या आहेत. दिलेल्या प्रसंगात आयसीडी-१० च्या आधारे मृत्यूचे योग्य कारण निवडता येणे आणि मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र बिनचूक लिहिता येणे.

मग अडते कुठे? पहिली अडचण वेळेची. न्यायवैद्यकशास्त्र हा विषय अंतिम वर्षाच्या आधीच संपतो. प्रत्यक्ष कागद हाती येतो तो इंटर्नशिपमध्ये. मधल्या काळात परीक्षेपुरते पाठ केलेले विसरले जाते. दुसरी अडचण, वर्गात जो शिकवतो तो वॉर्डात नसतो आणि वॉर्डात जो सही करतो त्याला हे शिकवणे आपले काम वाटत नाही. इंटर्न मग आधीच्या इंटर्नने जसे लिहिले तसेच लिहितो. चूक परंपरेने पुढे जाते.

तिसरी अडचण जबाबदारीची. नियमानुसार इंटर्नला स्वतःच्या सहीने मृत्यूचे प्रमाणपत्र देता येत नाही. ते निवासी किंवा वरिष्ठ डॉक्टरने द्यायचे असते. प्रत्यक्षात लिहितो एक आणि सही करतो दुसरा. त्यात सलग ड्युटी, भरून वाहणारे वॉर्ड, खोळंबलेले नातेवाईक. ‘अरेस्ट’ लिहिले की वाद होत नाही, प्रश्न विचारले जात नाहीत, हेही कारण आहेच. त्यामुळे सगळा दोष तरुण डॉक्टरांच्या माथी मारणे योग्य नाही. चुकलेला नमुना परत आणून ‘हे असे नको, असे हवे’ म्हणणारी व्यवस्थाच बहुतेक ठिकाणी नाही.

कोडसुद्धा डॉक्टरनेच टाकायचे का?

नाही. हजारो क्रमांक पाठ करणे हे डॉक्टरचे काम नव्हे. भारतात डॉक्टर शब्दांत कारण लिहितो. कोडिंग रुग्णालयाच्या वैद्यकीय अभिलेख विभागात किंवा राज्याच्या आकडेवारी कार्यालयात प्रशिक्षित कर्मचारी करतात. मात्र कोड देणारा माणूस रुग्णाला पाहत नाही. त्याच्यापुढे असतात ते फक्त डॉक्टरचे शब्द. न लिहिलेले त्याला गृहीत धरता येत नाही.

अमेरिकेत चित्र निराळे आहे. तेथे १ ऑक्टोबर २०१५ पासून दहाव्या आवृत्तीचे स्थानिक रूप लागू झाले. त्यात सुमारे ७० हजार निदान-क्रमांक आहेत आणि रुग्णालयाचे पैसे थेट त्यांवर अवलंबून असतात. त्यामुळे तेथील निवासी डॉक्टरांना नोंदी आणि बिलिंग शिकवण्यावर भर असतो. त्याची दुसरी बाजूही आहे. जास्त पैसे मिळावेत म्हणून आजार गंभीर दाखवण्याचा मोह आणि त्यावर चालणारी चौकशी. डॉक्टरांचा बराच वेळ संगणकापुढे जातो, ही तक्रारही जुनी आहे.

गंमत म्हणजे अमेरिकी रुग्णालयांचे बरेचसे कोडिंग चेन्नई, हैदराबाद, पुणे, नवी मुंबई अशा शहरांत बसून भारतीय पदवीधर करतात. मनुष्यबळ आणि कौशल्य आपल्याकडे आहे. ते आपल्याच जिल्हा रुग्णालयांच्या वाट्याला फारसे येत नाही.

मग शिकवायचे कसे?

आयसीडीवरचे दोन तासांचे व्याख्यान फारसे टिकत नाही, हा बहुतेक शिक्षकांचा अनुभव. देशातील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत प्रमाणपत्रांची तपासणी झाली आहे. त्यांत चुकांचे प्रमाण मोठे आढळले आणि छोट्या कार्यशाळेनंतर ते कमी झाल्याचेही दिसले. म्हणजे हे शिकवता येते. त्यासाठी महागडी यंत्रणाही लागत नाही.

पहिले पाऊल इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात टाकता येईल. नावे काढलेले दहा खरे केसपेपर द्यायचे, प्रत्येकाचा नमुना ४ भरून घ्यायचा आणि तिथल्या तिथे तपासायचा. मधुमेह आणि गँगरीन, क्षय आणि रक्ताची उलटी, रस्ता अपघात, बाळंतपण, सर्पदंश असे प्रसंग त्यात असावेत. अपघात आणि दंशात पोलिसांना कळवणे व शवविच्छेदन यांचा क्रम आधी समजावा लागतो. त्यातच एक बारकावा कळतो. सर्पविषबाधेचा ‘टी ६३.०’ हा क्रमांक इजेचे स्वरूप सांगतो आणि विषारी सापाशी संपर्काचा ‘एक्स २०’ हा क्रमांक ती इजा कशी झाली ते सांगतो. मृत्यूचे मूळ कारण म्हणून दुसराच मोजला जातो.

दुसरे पाऊल उलट्या बाजूने शिकवण्याचे. शिकाऊ डॉक्टरला अर्धा दिवस अभिलेख विभागात बसवायचे आणि दुसऱ्याने लिहिलेले डिस्चार्ज कार्ड कोड करायला सांगायचे. उजवा पाय की डावा, तीव्र की जुनाट, निदान पक्के की संशय, हे लिहिलेले नसले की काय होते, ते अर्ध्या तासात कळते. आयसीडीची यादी आणि प्रशिक्षण साहित्य जागतिक आरोग्य संघटनेच्या संकेतस्थळावर मोफत असल्याने मोबाइलवरही हा सराव होऊ शकतो.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, वरिष्ठांचा सहभाग. रुग्णालयांत मृत्यूंचा आढावा घेणाऱ्या बैठका होतात. त्यांत उपचारांबरोबर प्रमाणपत्रही पडद्यावर दाखवून तपासले, तर निवासी डॉक्टर आणि प्राध्यापक दोघेही शिकतात. सहीपूर्वी एकच प्रश्न विचारायची सवय लावता येईल : ‘हे कशामुळे झाले?’ उत्तर येत असेल, तर साखळी अजून अपुरी आहे.

नोंदींतून उपचारही सुधारतात का?

याचे उत्तर महाडने दिले आहे. कोकणात विंचूदंशाने माणसे दगावत होती, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण आरोग्य केंद्रात रुग्णांच्या उशाशी बसून तासातासाला नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. त्या बारीक निरीक्षणांतून हृदयावर होणारा परिणाम स्पष्ट झाला आणि प्राझोसिन या औषधाचा मार्ग सापडला. हे काम ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. मोठी यंत्रे नसलेल्या जागी काळजीपूर्वक लिहिलेला केसपेपर काय करू शकतो, हे शिकाऊ डॉक्टरांना सांगायला यापेक्षा जवळचे उदाहरण नाही.

संगणक आला की प्रश्न सुटेल?

काही अंशी. आयुष्मान भारत डिजिटल मिशनची देशभर घोषणा सप्टेंबर २०२१ मध्ये झाली आणि १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाला नोंदी जोडण्याची सोय आली. वैद्यकीय संज्ञांचा ‘स्नोमेड सीटी’ हा कोश भारताने २०१४ मध्ये सदस्यत्व घेऊन खुला केला. त्याचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. आयसीडी-११ तर मुळातच संगणकासाठी बेतलेली आहे. तीत आयुर्वेद, सिद्ध, युनानी यांतील निदानांसाठीही स्वतंत्र विभाग जोडला गेला असून, तो जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत प्रसिद्ध झाला.

पण संगणक नव्या चुकाही आणतो. कालची नोंद कॉपी-पेस्ट केली की बरा झालेला ताप आजही चढलेला दिसतो. यादीतील पहिलाच पर्याय निवडला की चुकीचे निदान टापटीप अक्षरांत कायमचे नोंदले जाते. आता बोललेले ऐकून केसपेपर लिहिणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही आली आहेत. त्यांनी लिहिलेले बरोबर आहे की नाही, हे तपासणारा डॉक्टर आधी स्वतः नीट लिहायला शिकलेला असावा लागेल.

सुरुवातीच्या वॉर्डात परत जाऊ. रात्रीचे अडीच, तोच इंटर्न, तोच नमुना. फरक इतकाच की, सहीआधी निवासी डॉक्टर विचारतो, ‘अरेस्ट कशामुळे?’ इंटर्न पहिली ओळ खोडत नाही, नवा नमुना घेतो आणि तीन ओळी लिहितो. शववाहिकेला पाच मिनिटे उशीर होतो. नातेवाइकांच्या हाती पडणाऱ्या प्रतीवर त्यांच्या माणसाला नेमके काय झाले होते, हे लिहिलेले असते. घरात आणखी कुणाला मधुमेह आहे का, ते तपासून घ्या, हे सांगायलाही डॉक्टरला तेव्हाच सुचते.